रुग्णाच्याच पेशींतून औषध : रक्ताच्या कर्करोगावरील ‘कार-टी’ उपचाराचा परिचय

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे. या संस्थेत ४ जून २०२१ रोजी एका रुग्णाला शिरेवाटे एक औषध देण्यात आले. हे औषध कोणत्याही कारखान्यात रसायनांपासून बनविलेले नव्हते. त्या रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पेशींमध्ये पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आय. आय. टी. मुंबईत, एका नव्या जनुकाची भर घालण्यात आली होती. त्यानंतर त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा त्याच्याच शरीरात सोडण्यात आल्या. भारतात हा उपचार होण्याची ती पहिलीच वेळ होती.

या उपचाराला ‘कार-टी पेशी उपचार’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून त्याचा वारंवार उल्लेख होऊ लागला आहे. त्यामुळे घरात कर्करोगाचा रुग्ण असलेली माणसे शिक्षकांना, ग्रामसेवकांना, सरपंचांना त्याविषयी विचारू लागली आहेत. हा उपचार नेमका काय आहे, तो इतका महाग का, तो कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे अशा वेळी सांगता आले पाहिजे. अर्धवट माहितीवर एखादे कुटुंब शेत विकावयास निघते, तर दुसरे हातचा चांगला उपचार सोडून देते. ही दोन्ही संकटे टाळण्याच्या दृष्टीने या विषयाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

शरीराचे पहारेकरी

आपल्या रक्तातील श्वेत पेशी रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. पैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. ‘बी-पेशी’ प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे रक्तात फिरतात आणि परक्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटतात. ‘टी-पेशी’ स्वतःच लढतात. विषाणूने ग्रासलेली किंवा बिघडलेली पेशी आढळली, की तिला भिडून त्या तिचा नाश करतात. टी-पेशींची जडणघडण छातीच्या हाडामागील ‘थायमस’ नावाच्या ग्रंथीत होते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘टी’ हे नाव मिळाले. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ मध्ये जाक मिलर या शास्त्रज्ञाने प्रथम दाखवून दिले.

मग कर्करोगाच्या पेशी या पहारेकऱ्यांच्या तावडीतून सुटतात कशा? कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच पेशीतून बिघडून निर्माण झालेली असते आणि आपली ओळख लपविण्याच्या अनेक युक्त्या तिच्यापाशी असतात. घरातलाच माणूस चोरी करू लागला, तर राखणदाराला संशय येण्यास वेळ लागतो, तसाच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणून एक कल्पना पुढे आली. प्रतिपिंडाची ओळखण्याची शक्ती आणि टी-पेशीची मारण्याची शक्ती एकत्र आणता आली तर? १९८९ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे करून दाखविले. टी-पेशीच्या पृष्ठभागावर त्यांनी एक कृत्रिम ‘ग्राही’ बसविला. ग्राही म्हणजे पेशीला बाहेरची खूण ओळखता यावी म्हणून तिच्या कवचावर असलेली रचना. या कृत्रिम ग्राहीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा आणि आतला भाग टी-पेशीला जागे करणारा होता. नृसिंहाच्या रूपात जशी दोन भिन्न अंगे एकत्र आली, तशीच ही जोडरचना आहे. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कार’ हा शब्द रूढ झाला. ‘कार’ धारण करणारी टी-पेशी ती ‘कार-टी’.

पहिल्या पिढीतील या पेशी शरीरात गेल्यावर फार काळ टिकत नसत. टी-पेशीला नुसती शत्रूची खूण पटून भागत नाही, जगण्यासाठी आणि वाढण्यासाठी तिला दुसरा इशाराही मिळावा लागतो, हे पुढे ध्यानात आले. तो दुसरा इशारा देणारा भाग ग्राहीत जोडण्यात आला, तेव्हा या पेशी शरीरात टिकू लागल्या. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दीर्घकालीन रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हा प्रयोग केला. त्यांपैकी दोन रुग्णांच्या शरीरात दहा वर्षांनंतरही या पेशी कार्यरत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळीचा अंश काही तासांत वा दिवसांत शरीराबाहेर जातो. हे औषध मात्र जिवंत असल्याने शरीरात मुक्काम करते.

प्रयोगशाळेतील वाढ

केळीची ऊतिसंवर्धित रोपे आता आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. निर्जंतुक बाटलीत, पोषक द्रव्यावर, ठरावीक तापमानात वनस्पतीचा लहानसा भाग वाढवून हजारो रोपे तयार करतात. कार-टी पेशींच्या संवर्धनाचे मूळ तत्त्व याहून फार निराळे नाही. परंतु एका मोठ्या फरकामुळे सारे गणित बदलते. केळीची एका प्रयोगशाळेतील रोपे शेकडो शेतांत जातात. येथे मात्र एका रुग्णाच्या पेशी त्या एकाच रुग्णाला चालतात. दुसऱ्याला त्या दिल्या तर त्याचे शरीर त्यांना परक्या ठरवील आणि त्या पेशीही त्याच्या शरीरावर उलटतील. म्हणून प्रत्येक रुग्णामागे औषधाचा एक स्वतंत्र घाणा काढावा लागतो. त्याचे टप्पे थोडक्यात असे :

पहिला टप्पा पेशी काढण्याचा. रुग्णाचे रक्त नळीवाटे एका यंत्रात नेतात. यंत्र फिरवून त्यातील श्वेत पेशी अलग करते आणि उरलेले रक्त परत शरीरात जाते. या कामाला काही तास लागतात. रक्तपेढीत नुसत्या प्लेटलेट देणाऱ्या दात्यांना ही पद्धत ठाऊक असते.

दुसरा टप्पा जागृतीचा. काढलेल्या पेशींतून टी-पेशी निवडून त्यांना चेतविले जाते. त्यासाठी विशिष्ट प्रतिपिंडांचा लेप दिलेले अतिसूक्ष्म मणी वापरतात. शत्रू समोर आला असे समजून पेशी विभाजनाला सज्ज होतात.

तिसरा टप्पा नवे जनुक पोचविण्याचा. ‘कार’ तयार करण्याची आज्ञा ज्या जनुकात आहे, ते पेशीच्या आत नेण्यासाठी विषाणूचा वाहक म्हणून उपयोग करतात. पेशीत शिरण्याची विषाणूची हातोटी तेवढी ठेवलेली असते. स्वतःची पैदास करण्यास लागणारी त्याची जनुके काढून टाकलेली असतात. त्यामुळे तो निरोप पोचवितो, पण रोग पसरवीत नाही. हे जनुक टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते आणि तिच्यापासून होणाऱ्या प्रत्येक पेशीत उतरते.

चौथा टप्पा प्रत्यक्ष वाढीचा. बंद पिशव्यांत किंवा पात्रांत ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराइतकेच तापमान राखतात. हवेत सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवतात, म्हणजे द्रवाची आम्लता योग्य राहते. द्रवात शर्करा, क्षार, अमिनो आम्ले आणि पेशींना वाढीचा इशारा देणारी ‘इंटरल्यूकिन’ नावाची प्रथिने असतात. पेशींची संख्या वाढू लागली, की त्यांना अधिक जागा आणि ताजे पोषण द्यावे लागते; दाटी झाली तर त्यांनीच सोडलेल्या आम्लाने त्या मरू लागतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत पेशी पुरेशा होतात. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशा पहिल्या औषधाची लसिका-कर्करोगाच्या प्रौढ रुग्णासाठी ठरविलेली मात्रा ६ कोटी ते ६० कोटी पेशी इतकी आहे.

पेशी जितक्या अधिक दिवस वाढवाव्यात तितके बरे, असे मात्र नाही. फार काळ चेतविलेल्या टी-पेशी थकतात. संख्येने त्या पुष्कळ दिसतात, पण शरीरात गेल्यावर त्यांचा जोर ओसरतो. किती दिवसांनी थांबावे, हा या विद्येतील फार नाजूक निर्णय आहे.

पाचवा टप्पा परीक्षेचा. सलाइनची बाटली भरल्यानंतर उष्णतेने निर्जंतुक करता येते. जिवंत पेशींना तसे तापविता येत नाही. जंतूंबरोबर त्याही मरतील. म्हणून पहिल्या सुईपासून शेवटच्या पिशवीपर्यंत प्रत्येक पायरीवर स्वच्छता पाळणे हाच एक मार्ग उरतो. गाळलेली हवा असलेल्या खोल्यांत, नखशिखान्त आवरण घातलेले तंत्रज्ञ हे काम करतात. शेवटी जिवंत पेशींचे प्रमाण किती, त्यांपैकी किती पेशींवर ‘कार’ उमटला आहे, कोठे जंतूंचा वा त्यांच्या विषाचा अंश आहे काय, याच्या चाचण्या होतात. त्यांत उतरल्याखेरीज औषध बाहेर पडत नाही.

शेवटचा टप्पा गोठविण्याचा आणि पाठविण्याचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रात ठेवतात, ते पात्र आपल्या गावकऱ्यांनी पाहिलेले असते. याही पेशी नायट्रोजनच्या थंड वाफेत, शून्याखाली शंभराहून अधिक अंशांवर ठेवतात. पेशीत बर्फाचे टोकदार कण होऊ नयेत म्हणून त्यांत एक संरक्षक द्रव्य मिसळतात. प्रत्येक पिशवीवर रुग्णाची ओळख असते आणि ती प्रत्येक हस्तांतराच्या वेळी ताडून पाहिली जाते. येथे एका चिठ्ठीची अदलाबदल म्हणजे प्राणाशी गाठ होय.

उपचाराचे दिवस आणि धोके

पेशी तयार होत असताना रोग थांबून राहत नाही. त्या काळात तो आटोक्यात ठेवण्यासाठी अनेकदा अन्य औषधे द्यावी लागतात. पेशी देण्यापूर्वी काही दिवस सौम्य रसायनोपचार करून शरीरातील जुन्या श्वेत पेशी कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना जागा मिळते. प्रत्यक्ष पेशी देण्यास फार वेळ लागत नाही. खरी कसोटी नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत असते.

कार-टी पेशी कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात, तेव्हा दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर सुटतात. त्यामुळे तीव्र ताप येतो, रक्तदाब उतरतो, श्वासाला त्रास होतो. काही रुग्णांना भ्रम होतो, बोलणे अडखळते, क्वचित झटके येतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सहा वर्षांच्या एका मुलीला हा उपचार दिला, तेव्हा ती अत्यवस्थ झाली. संधिवातावर वापरले जाणारे ‘टोसिलिझुमॅब’ हे औषध देताच तिची प्रकृती सुधारली आणि पुढे ती कर्करोगातूनही मुक्त झाली. तेव्हापासून हे औषध जवळ ठेवल्याखेरीज कार-टी उपचार करीत नाहीत.

आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. बहुतेक कार-टी पेशींना ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखण्यास शिकविलेले असते. ही खूण कर्करोग झालेल्या बी-पेशींवर असते, तशीच निरोगी बी-पेशींवरही असते. त्यामुळे दोन्ही नष्ट होतात. बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, परंतु प्रतिपिंडे कमी पडल्याने जंतुसंसर्गाचा धोका दीर्घकाळ राहतो. म्हणून रुग्ण घरी परतल्यावरही स्वच्छ पाणी, वेळेवर तपासणी आणि साधा ताप आला तरी रुग्णालयाशी संपर्क, ही पथ्ये कसोशीने पाळावी लागतात.

मुंबईतील प्रयत्नाचे महत्त्व

३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या कार-टी औषधाला मान्यता दिली. त्याची किंमत ४ लक्ष ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये होती. भारतातील कुटुंबांच्या दृष्टीने असे औषध असून नसल्यासारखेच होते.

अशा स्थितीत आय. आय. टी. मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी येथेच तयार करण्याचे काम अंगावर घेतले. टाटा स्मारक केंद्राच्या तज्ज्ञांनी रुग्णांवरील चाचण्यांची जबाबदारी उचलली आणि केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडूनही साहाय्य मिळाले. या ग्राहीचा प्रतिपिंडाचा भाग मूळच्या उंदराच्या प्रथिनाऐवजी मानवी प्रथिनाच्या धर्तीवर घडविण्यात आला. त्यामुळे दुष्परिणाम सौम्य राहावेत असा उद्देश होता. ‘नेक्सकार-१९’ या नावाच्या या औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे त्याचे लोकार्पण केले.

या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या रक्तविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांच्या बाबतीत परिणाम अजमाविता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. अन्य उपाय थकलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे यश लहान नाही. परंतु गुण येणे म्हणजे प्रत्येकाचा रोग कायमचा जाणे नव्हे. काहींचा रोग उलटतो, आणि चाचणीतील दोन रुग्ण उपचाराशी निगडित कारणांनी दगावले. ही दुसरी बाजूही कुटुंबापुढे प्रामाणिकपणे मांडली गेली पाहिजे.

या औषधाची किंमत परदेशी औषधाच्या साधारण एकदशांश, म्हणजे ३० ते ४० लक्ष रुपयांच्या घरात असल्याचे सांगण्यात आले. परदेशाच्या मानाने हे स्वस्त खरे, परंतु अल्पभूधारकाला वा शेतमजुराला ते परवडणारे नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला मिळणारे सर्वसाधारण संरक्षण ५ लक्ष रुपयांचे आहे. हा खर्च त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. किंमत उतरण्याची वाट पुन्हा प्रयोगशाळेतूनच जाते. विषाणू-वाहक आणि पोषक द्रव्ये देशात तयार होणे, संवर्धनाचे दिवस कमी होणे, प्रशिक्षित तंत्रज्ञ वाढणे, यांवर ती अवलंबून आहे. निरोगी दात्याच्या पेशींपासून अनेकांना चालेल असे औषध बनविण्याचे प्रयोगही जगभर सुरू आहेत.

हा उपचार कोणासाठी?

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. कार-टी हा कर्करोगावरील पहिला उपचार नव्हे आणि सर्व कर्करोगांवरील उपचारही नव्हे. बी-पेशींपासून होणारे काही रक्ताचे व लसिका ग्रंथींचे कर्करोग नेहमीच्या उपचारांना दाद देत नाहीत किंवा बरे होऊन उलटतात, तेव्हा मुख्यतः त्याचा विचार होतो. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत तो अजून प्रायोगिक अवस्थेतच आहे. तेथील गाठी घट्ट असतात, पेशींना आत शिरणे कठीण जाते आणि केवळ कर्करोगावरच असेल अशी खूण सापडत नाही.

मुलांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगात नेहमीच्या रसायनोपचाराने पुष्कळशी मुले बरी होतात. मात्र हा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. मध्येच मूल हिंडूफिरू लागले, की ‘आता बरे आहे’ असे समजून किंवा प्रवासखर्चाला कंटाळून पालक तो सोडतात. ‘पुढे नवीन इंजेक्शन आहेच’ या आशेवर तसे झाले, तर ती मोठी हानी ठरेल. उलटलेला रोग हाताळणे मुळातल्या रोगाहून कितीतरी कठीण असते.

यास्तव गावपातळीवर पुढील गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

शाळेतील मूल फिकट पडत असेल, त्याला वरचेवर ताप येत असेल, अंगावर कारणाशिवाय काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हाडे दुखत असतील किंवा मानेत-काखेत गाठी जाणवत असतील, तर शिक्षकांनी पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. साध्या रक्ततपासणीनेही बऱ्याच वेळा पहिली शंका येते.

उपचार चालू असलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नये. परतल्यावर त्याला वर्गात सामावून घ्यावे. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे इतर मुलांना सांगावे.

ग्रामपंचायतीने अशा कुटुंबाला शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र ही कागदपत्रे विनाविलंब मिळवून द्यावीत. मदतीच्या योजनांचे काम बहुधा कागदांवाचूनच अडते. कोणती योजना लागू पडेल, याची चौकशी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे करावी. त्यापूर्वी जमिनीचा वा दागिन्यांचा व्यवहार होऊ नये, हे गावातील जाणत्यांनी पाहावे.

‘पेशी उपचाराने कोणताही कर्करोग बरा’ अशा जाहिराती दिसल्यास सावध राहावे. खऱ्या कार-टी उपचाराला मान्यताप्राप्त रुग्णालय, अतिदक्षता विभाग आणि रक्तविकारतज्ज्ञ लागतात. तो एखाद्या लहान दवाखान्यात तासाभरात होत नाही.

रक्तदान शिबिरे नियमित भरवावीत. रक्तकर्करोगाच्या अनेक उपचारांत रक्त आणि प्लेटलेट लागतात; त्या माणसानेच माणसाला द्याव्या लागतात.

पवईच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या पेशी खारघरच्या रुग्णशय्येपर्यंत पोचल्या, हा विज्ञानाचा मोठा टप्पा होय. पण दूरच्या एखाद्या वस्तीवरील आजारी मूल वेळेवर तपासले गेले नाही, तर त्या टप्प्याचा त्याला काहीच उपयोग नाही. ते अंतर कमी करण्याचे काम शाळेत, पंचायतीत आणि आरोग्य केंद्रात व्हावयाचे आहे.